सातच्या पोटातली रेघ

बोरखडकी, ता. नेर
१७ फेब्रुवारी

दादा,

फोन मधातच कापून टाकला म्हणजे भांडण मिटलं असं वाटते काय तुले? मिटलं नाही. तू म्हणला पुलाले भेग नाही, मले भास होते. जयभीम शेवटी घालीन, आधी भास सांगते.

लेंडी नाल्यावरचा पूल तू बांधला तवा मी दहावीत होती. आता नेरच्या शाळेत तासिकेवर शिकवते अन् रोज फुलचंदभाऊच्या एसटीनं त्याच पुलावरून जाते-येते. गिट्टीचे टिप्पर चालू झाले तसे बस पुलावर आली की खिडक्या वाजतात. काल मी नाल्यात उतरली. दुसऱ्या खांबाच्या डोक्यापासून तिरपी भेग खाली आली हाय. तिच्यात माह्या केसाची पिन जाते. भासात पिन जात नाही.

तुलेच आठवत असन. मी डबा घेऊन आलती अन् तू गुडघाभर चिखलात उभा राहून मले शिकवलं होतं, की भेग दोन जातीची असते, मेलेली अन् जिती. मेलेली वाढत नाही, तिले लिंपून सोडून द्यायचं. जिती हालते. कोणती कोणची ते डोळ्याले समजत नाही, काचेले समजते. भेगीवर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकाले सिमेंटनं घट्ट बसवायची, वर तारीख टाकायची. काच शाबूत राह्यली तर भेग मेली. फुटली तर रस्ता बंद, मग पूल कोणाच्याही बापाचा असो. हे शेवटचं वाक्य तुह्यं हाय.

तर आज काच लावली. घरात दुसरी नव्हती, म्हणून तुह्या डिग्रीच्या फोटोची काढली. फ्रेमवाल्यानं पट्ट्या कापून देल्या. आई म्हणे लेकाच्या फोटोवर धूळ बसन. म्हटलं बसू दे, घरी येईन तवा तोच पुसन. काचेवर मार्करनं तारीख टाकली, 17/2.

नेरच्या चौकात तुह्यं बॅनर लागलं. मागं पूल, पुढं तू हात जोडून, वर लिहिलं, ‘पूल बांधणारा माणूस, आता दिल्ली जोडणार’. बांधकाम खात्यातली नोकरी सोडून आमदार झाला तवा आईनं साखर वाटली होती. खासदारकीले काय वाटाव याचा ती आतापासून विचार करून राह्यली. मी वेगळाच विचार करून राह्यली. भेग हाय म्हटलं तर बॅनर उतरवावं लागन, म्हणून तर तुले भेग दिसत नसन?

जयभीम. लोभ मागत नाही, रागावली तरी तो कुठं जात नाही.

तुही बहीण,
उर्वशी

*

मुंबई
२६ फेब्रुवारी

कु. उर्वशीताई यांस,

सा. न. वि. वि.

आपले पत्र पावले. आपण मांडलेल्या सूचनेची योग्य ती नोंद घेण्यात आली असून संबंधितांस कळविण्यात येत आहे. मतदारसंघातील प्रत्येक कुटुंब हे माझेच कुटुंब आहे. आपल्यासारख्या जागरूक नागरिकांमुळेच काम करण्यास बळ मिळते.

घरातील वडीलधाऱ्यांस नमस्कार, मातोश्रींस दंडवत. असाच स्नेह व आशीर्वाद पाठीशी असू द्यावा.

आपला,
राजदीप

*

बोरखडकी
३ मार्च

सन्माननीय साहेब,

सा. न. वि. वि. आम्हाले पण येते म्हटलं लिहिता.

तुमचं पत्र मातोश्रीले वाचून दाखवलं. त्या गहू निवडत होत्या. म्हणे, आपल्या घरात कोणी कोणाले दंडवत घातलं व? ज्या घरातले लोक नागपूरले जाऊन सगळ्यांपुढं वाकणं सोडून आले, त्या घरात मुंबईहून दंडवत आलं. मग हासल्या, अन् पुन्हा गहू निवडाले लागल्या.

दादा, हे पत्र तुह्यं नाही. तुह्या त्या रोशन सेक्रेटरीचं हाय. फोन तोच उचलते, व्हाट्सअपवर निळी टिक तोच देते, आता भाऊ पण तोच होऊन राह्यला. तुह्यं पत्र मी अंधारात ओळखीन. तू इंग्रजी सात लिहिला की त्याच्या पोटात आडवी रेघ मारते. मोजमापाच्या वहीत एक अन् सात सारखा दिसू नये म्हणून हाताले लागलेली सवय. आपल्या घरात, आपल्या गावात दुसरं कोणी तसा सात लिहीत नाही.

आता कामाचं. परवा काच फुटली. मधातून, सरळ. तेरा दिवस टिकली. फोटो काढून पाठवला, त्यालेही निळी टिक आली. फुटलेली काच काढली नाही, तूच सांगतलं होतं का काढायची नसते म्हणून.

फुलचंदभाऊ तांड्यावरचा साधा माणूस. मले इचारे, बाई, साहेबानंच बांधला ना पूल, मग तुमी कायले खाली उतरून पाहता? सकाळच्या बसमधी माह्याच शाळेच्या बावीस पोरी असतात.

तू खराच तू असशील तर सोताच्या हातानं लिही. भेग जिती का मेली, येवढंच.

उर्वशी

*

नवी दिल्ली
7 मार्च

प्रिय उर्वशीस,

सप्रेम जयभीम, वि. वि.

वरची तारीख पाह्य. सातच्या पोटात रेघ मारली हाय. आता तरी मी मीच का?

रोशनले दंडवतावरून बोललो. तो म्हणे साहेब, सगळ्यांच्या आईले तेच जाते. आईले म्हण लेकानं कान धरला. तिच्या गुडघ्याचं तेल संपलं असन, नेरच्या दवाखान्यातून आणून घेजो. अन् माह्या डिग्रीची काच फोडायले तुलेच सुचू शकते. लहानपणी माही पट्टी मोडून विटीदांडू खेळली तूच.

आता नीट आयक. काच काही देव नाही. उन्हानं फुटते, ढोरं अंग घासतात, पोरं गोटे मारतात. टिप्पर गेले की वरचा थर थोडा खुलतेच. मतदान होऊ दे, मी सोता माणसं घेऊन येतो अन् तुह्यासमोर खांब तपासतो. वीस तारखेपर्यंत मले दिल्लीतून हालता येत नाही. उमेदवारांची यादी कवाही लागन. समोरचे लोक त्या पुलावरच डोळा ठेवून हायेत. एक फोटो बाहेर गेला तर माह्यं नाव यादीतून जाईन. महिनाभर गप्प राह्य, माह्यासाठी.

एक इचारतो, रागावू नको. तुले कोणी भरवलं तर नाही ना? तुह्या शाळेतले धर्मपाल सर तिकडच्या पार्टीचे हायेत म्हणून आयकलं. ते तुह्यासंग एकाच बसनं येतात म्हणे.

एक खरं सांगू का? खात्यात बारा वर्षं काढली. वरच्यानं म्हटलं तिथं सह्या केल्या. तो पूल येवढाच असा, जो पुरा माह्या मनानं बांधला. दोन रात्री तिथंच झोपलो होतो काँक्रीट वाळस्तोवर. त्याच्याविषयी काही आयकलं की माह्ये कानच बंद होतात.

आईले जयभीम. आहे तेवढा लोभ सांभाळून ठेव, येतो तवा मोजून घेईन.

तुहा,
दादा

*

बोरखडकी
१९ मार्च, सकाळ

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम, वि. वि.

तुह्यं पत्र आलं तवा मी रडली. मग धर्मपाल सरांची ओळ पुन्हा वाचली अन् डोळे पुसले. ते सर बसमधी झोपलेले असतात, नेर आल्यावर मीच त्यायले उठवते. माह्यावर कोण नजर ठेवून हाय, की आमी कोणत्या बसनं येतो ते दिल्लीत कळते?

तरी मी गप्पच बसणार होती. तेरा तारखेले सहज नाल्यात उतरली, तर काच शाबूत. मले वाटलं मीच येडी झाली. मोबाइलमधला फोटो काढून पाह्यला, त्यात फुटलेली हाय. खांबावर मात्र अखंड काच, वर तारीख 17/2. कोणी तपासाले आलं तर त्याले वाटावं, लावल्या दिवसापासून काच जशीच्या तशी हाय, म्हणजे भेग मेलेली.

मग हात लावून पाह्यलं. काच जाड, कड हिरवी. तुह्या डिग्रीची काच पातळ होती. अन् सातच्या पोटात रेघ.

मी सातले रेघ मारत नाही, दादा.

आधी वाटलं रोशन असन. पण आपल्या घरात दंडवत चालत नाही येवढं रोशनले माहीत नाही, तुह्या सातची रेघ कुठून माहीत असन? फुलचंदभाऊले इचारलं. तो म्हणे मंगळवारी भर दुपारी बाभळीखाली पांढरी गाडी उभी होती, पाटी नाही, काही नाही. तोंडाले दुपट्टा बांधलेला एक माणूस खांबाजवळ उभा होता. भाऊनं हॉर्न मारला तर त्यानं मान वर केली नाही. मंगळवार म्हणजे बारा तारीख. तू दिल्लीत होता ना?

नाल्यापासून आपलं घर दहा मिनिटं. आईनं त्या दिवशी अंबाडीची भाजी केलती. तिले हे काही सांगतलं नाही, अन् सांगणारही नाही.

मी तीन दिवस एकच गोष्ट घोकत राह्यली. तुले खोटंच करायचं होतं तर काचेचं एक टोक ढिलं ठेवायचं. ढिली काच जनमभर फुटत नाही. हे तासिकेवरच्या बाईले समजते, तुले नसन समजत? पण तू दोन्ही टोकं घट्ट बसवली, कडा बोटानं गुळगुळीत केल्या, तवा मले शिकवताना केल्या तशाच. तारीख खोटी टाकता आली तुले. काम खोटं करता नाही आलं.

म्हणून परवा संध्याकाळी तुही काच पण फुटली. पाच दिवसांत.

अर्धी तिथंच ठेवली. अर्धी, सातवाली, या पाकिटात कापसात गुंडाळून हाय. जपून काढजो, हात कापन.

यादीत तुह्यं नाव लागलेलं काल सकाळी फुलचंदभाऊच्या मोबाइलवर पाह्यलं. अभिनंदन. त्याच वेळी त्यानं सगळे लोक खाली उतरवले, पूल पायी पार करायले लावला अन् रिकामी बस पलीकडं नेली. आज त्याले तसं करता येत नाही. डेपोवाले म्हणतात कोणाच्या सांगण्यावरून करतो, कागद दाखव.

तर कागद मी लिहिला. तुह्याच शब्दात. काच फुटली, रस्ता बंद. संग तीन फोटो. माही काच, माही फुटलेली काच, तुही फुटलेली काच. काल दुपारीच एक तहसीलात देला, एक डेपोत, एक तुह्या जुन्या खात्यात. तू आलता हे त्यात लिहिलं नाही. सात मात्र फोटोत दिसते, तो मले खोडता नाही आला. खाली सही माही हाय. तिच्या बाजूले एका सहीची जागा कोरी ठेवली, ‘पूल बांधणारा अभियंता’ असं लिहून. तीनही कागदावर.

आई पुढं गेली बोरीच्या काट्या घेऊन, रस्त्यात आडव्या टाकायले. तिले येवढंच सांगतलं, की राजदीप म्हणला होता काच फुटली तर रस्ता बंद. म्हणे, मग त्याचं आयकाव लागते.

फोन करू नको, तो घरीच ठेवून चालली. पोरींची बस साडेसहाले पुलावर येते, तिच्या आधी मले तिथं उभं राह्यचं हाय. हे पाकीट फाट्यावरच्या पेटीत टाकते.

लोभ जिथल्या तिथं हाय, जागा कोरी हाय. निघते.

उर्वशी