ह्यांनी तांदूळ नेला नाही

११ मे १९८६

पुन्हा तांदूळ न घेताच गेले! कोरपन्याकडे सिमेंट कारखान्यात लागल्यापासून दोन वर्षं हे दर महिन्याला घरचा तांदूळ बांधून नेत. भाताशिवाय ह्यांचं पोट भरत नाही. आज म्हणतात — "राहू दे. ज्वारीची भाकर आवडून राह्यली आता."

ती भाकर थापतं कोण?

१२ मे

मी तेंदूपत्ता तोडायला गेले. पानं मोजताना दहादा चुकले.

१९ मे

राहवलं नाही. सासऱ्यांना विचारलं — मामाजी, ह्यांनी तिकडं बाई तर ठेवली नसेल? विडी विझवून म्हणाले, "मानूस हाय, चुकते. येते परत. माह्या पोरावर कोनाच्या दारात सालगडी राहाची पाळी नाई आली, तेवढं पुरे. तसा राह्यला तं मेला मले." मग छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर पाटलाकडचं सालगडीपण कसं सोडलं, ते सगळं पुन्हा सांगत बसले. मी काय विचारते, हे काय सांगतात!

२ जून

जाऊन आले. तीन एसट्या बदलल्या. कारखान्याच्या फाटकावर ह्यांचं नाव सांगितलं, तर चौकीदार म्हणाला, "ठेक्यातली मानसं होळीच्या आधीच कमी केली ना बाई! तुमचा खुशाल तं त्या गावात कास्तकाराकडे हाय." गावाकडे बोट दाखवलं.

गोठ्यात होते. शेणाची टोपली डोक्यावर. पाडव्यापासून सालगडी! ज्वारी मालकाकडूनच मिळते, चुलीवर स्वतःच थापतात. आधी बाई नाही म्हणून जीव भांड्यात पडला. मग रडू आलं. मग रागही आला. नेमकं काय वाटतंय, अजून कळत नाही.

"काऊन नाई सांगितलं?"

बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. माझ्याकडे बघेनात. "घरी बसून बाबाची भाकर खाऊ का? त्याहिले सांगू नको वच्छला. त्याहिच्यासाठी मी कारखान्यातच आहो."

मी हो म्हणाले. काय सांगायचं, ते मात्र आरमोरीला घरी येईस्तोवर सुचलं नाही.

३ जून

रात्री पोचले तेव्हा मामाजी झोपले होते; सकाळी ओट्यावरच बसून होते. "भेटला?"

"भेटले. तिथं बाई ठेवली आहे त्यांनी."

त्यांनी विडी पेटवली. मग म्हणाले, "येते परत." आणि पोटभर जेवले.

संध्याकाळपासून शेजारच्या बाया एकेक करून माझी समजूत घालायला येताहेत.