तीन इंच जास्त

तीर्थस्वरूप भावोजींस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे बसूनच घातला आहे, गोड मानून घ्यावा). आपली कंबर आता कशी आहे? ताईचा खोकला गेला का? इकडे सगळे ठीक. दुकानातलं शिलाई मशीन तेवढं कुरकुरतं, पण ते जवळजवळ माझ्याच वयाचं आहे, त्यामुळे मी मनावर घेत नाही.

आपली चिठ्ठी मिळाली. मुलांच्या बेसबॉल संघाचे आपण अध्यक्ष आणि मी प्रशिक्षक (रविवारी गल्लीत दुसरं कुणी मोकळं नव्हतं म्हणून), तेव्हा सलग सहा सामने हरल्यावर अशी चिठ्ठी येणार हे मी धरूनच चाललो होतो. सर्वांत कच्च्या तीन मुलांची नावं गुरुवारपर्यंत लेखी कळवावीत, म्हणजे त्यांच्या जागी नवी घेता येतील, असं आपण लिहिलंत. कच्ची मुलं शोधणं अवघड नाही, भावोजी. अवघड आहे ते तीनवर थांबणं. आमचा ‘पाहुणा’ मैदानाच्या टोकाला असा उभा असतो, जणू थोड्या वेळानं त्याला कुणीतरी न्यायला येणार आहे. ‘खांब’ नावाप्रमाणेच, चेंडू त्याच्या दोन्ही बाजूंनी जातात. आणि ‘घाई’ म्हणजे कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याची दहा वर्षांची पोर. चेंडू टाकणाऱ्या पिचरनं हात मागे नेला की हिची बॅट फिरून झालेली. चेंडू येतो तेव्हा ही दमून उभी. चार महिने मी तिला एकच सांगतोय, की अगं, चेंडू येऊ दे, त्याला दुसरीकडे कुठं जायचं नाहीये. (माझ्या तोंडी संयमाचा उपदेश ऐकून आमच्या हिला हसू आवरत नाही. चहा दोन मिनिटं उशिरा आला तर मी काय करतो ते तिनं पाहिलं आहे.)

तर गेल्या रविवारी घाई थांबली. खरंच थांबली, आणि चेंडू असा सणसणीत हाणला की दोन्ही संघ बघतच राहिले. मी तर ‘पळ’ म्हणायचंही विसरलो; ते खांबानं ओरडून सांगितलं (त्याचा या मोसमातला पहिला उपयोग). ती पळाली, चार पावलं गेली, आणि धाडकन तोंडावर आपटली. आउट. सामना आपण एका रननं हरलो. सोमवारी सकाळी ती दुकानात आली, धुऊन घडी केलेला गणवेश टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “काका, कापड चांगलं आहे. दुसऱ्या कुणाला तरी होईल.” एवढं बोलून गेली.

बऱ्याच वेळानं मी ती घडी उलगडली. पँटची खालची किनार टाचेखाली येऊन येऊन पार फाटली होती. टेप लावला. तीन इंच जास्त! सगळ्यांच्या पँटी मागवल्या, तर नऊच्या नऊ तशाच. वाढत्या अंगाची पोरं, गणवेश तीन वर्षं पुरायला हवा, म्हणून मीच प्रत्येकीत जास्तीचं कापड ठेवलं होतं, आणि सहा सामने पोरं त्यात अडखळून पडत होती. मी मात्र त्यांच्यावर खेकसत होतो, की पाय उचला, समोर बघा, काही खाता की नाही! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथं अंगण खरंच वाकडं होतं आणि ते मीच केलं होतं. भावोजी, पस्तीस वर्षं कात्री चालवतोय, पण इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मंगळवारी बाकीची कामं बाजूला सारून (त्यात एक आपला कोट आहे) नऊही पँटी आखूड केल्या. काल घाईला बोलावून तिची घालून बघायला लावली. दुकानाच्या पायरीपासून टपालपेटीपर्यंत धावत गेली आणि तशीच धावत परत आली. पडली नाही. धापा टाकत विचारलं, “मग मी आहे ना संघात?” मी म्हटलं, अध्यक्षांना विचारून सांगतो.

ताईला नमस्कार. कळावे, लोभ आहेच, या पत्रानंतरही राहावा.

आपला मेहुणा

ता.क. तीन नावं राहिलीच की. संघाच्या समितीचं इतिवृत्त काढून पाहिलं. ‘गणवेश तीन वर्षं पुरलाच पाहिजे’ हा ठराव आपण मांडला होतात, आणि डोळे मिटून शिवला मी. ही दोन नावं झाली. तिसरं काही केल्या सुचत नाही.

ता.क. २. पँटींचं कापड कापलेलं नाही, आत दुमडून ठेवलं आहे. दर वर्षी एकेक इंच सोडायचा. पण त्यासाठी आत पाय त्याच पोरांचे लागतील.

ता.क. ३. पत्र आणणारी मुलगी घाईच आहे. उत्तर तिच्याच हाती द्यावं. आपण सावकाश चहा घ्या, दोनदा वाचा, ताईशी बोला. ती दारात उभी राहील. थांबायला ती शिकली आहे.