हळदीच्या कुकरला बांधलेला कांदा

ता. कळमनुरी, जि. हिंगोली
हळद शिजवायचे दिवस

तीर्थरूप मामा (सासरे झालात तरी आधी आईचे भाऊ, म्हणून मामाच) यांना विजयकुमारचा दंडवत.

इकडं सगळे खुशाल. तिकडं वसमतला तुमच्या गुडघ्यानं उचल खाल्ल्याचं कळलं. मामींनी सांगितलेला एरंडाचा पाला बांधत जा, फक्त तो मामींनी सांगितला की त्यांच्या फोननं, एवढं एकदा विचारून घ्या. कोमल बरी आहे. अलीकडं माझ्या चहात साखर जास्त टाकते. म्हणजे तुमचं बापलेकीचं काहीतरी ठरलंय, असा मला दाट संशय आहे.

संशय यायला कारण झाला तुमचा मेसेज. ‘एआयच्या युगात ब्लॉगिंग हे करिअर म्हणून अद्याप किफायतशीर आहे काय?’ असं तुम्ही विचारलंत, खाली ठिपके देऊन मुद्दे मांडलेत आणि शेवटी ‘निष्कर्षतः’ लिहून, मी पाडव्यापासून वारंगा फाट्याच्या तुमच्या खत-बियाण्याच्या दुकानात बसावं, असं सुचवलंत. मामा, आजवर तुमचा मेसेज म्हणजे एक गुलाबाचं फूल आणि राम राम. शेताच्या धुऱ्याच्या, बांधाच्या भांडणातसुद्धा तुम्ही ‘बस झालं, जाय घरी’ एवढंच बोलून विषय मिटवला होता. ‘निष्कर्षतः’ तुमच्या तोंडून कधी निघालं न्हाई. तेव्हा मशीननं जावयाचं काम खाल्लं का, हे तुम्ही मशीनलाच विचारलंत आणि त्यानं मला दुकानात बसवलं. चोरालाच पंच नेमल्यासारखं झालं हे.

तरी उत्तर देतो. माझा ब्लॉग हळदीवर आहे हे तुम्हाला माहीत आहे (तुम्ही वाचता का, हे मला माहीत नाही). बेणं कसं निवडावं, पानांवर करपा आला तर काय करावं, हे विचारत लोक माझ्याकडं यायचे. वाचणाऱ्याचं गाव मला दिसतं, नाव दिसत नाही. पण गावं भरपूर असायची. आता गावं आटली. लोक फोनमधल्या एआयला विचारतात, ते माझं लिखाण वाचून त्यांना सांगतं आणि माझ्या दाराशी कोणी फिरकत नाही. असा माझा संशय होता, पुरावा नव्हता. म्हणून मागच्या पावसाळ्यात मी सापळा लावला.

मी लिहिलं की, हळद वाफेवर शिजवणारा तो मोठा कुकर ट्रॅक्टरमागून शेतात आला, की पेटवण्याआधी हिंगोली भागातले जुने लोक त्याच्या डाव्या कडीला फडक्यात लाल कांदा बांधतात, नाहीतर हळद मधून कच्ची राहते. यातलं अक्षर न् अक्षर मी बाजेवर बसून रचलं होतं. मग काही दिवस दम धरला आणि भोळा चेहरा करून एआयला विचारलं. (त्याला चेहरा दिसत नाही म्हणतात. माझा विश्वास नाही.) त्यानं लगेच सांगितलं, व्हय, पिढ्यान्‌पिढ्यांची प्रथा आहे, आणि कांद्यातल्या गंधकामुळं वाफेचा दाब समतोल राहतो. गंधक मी लिहिलंच नव्हतं, मामा. ते त्यानं पदरचं घातलं. बैल तर चोरलाच, वर शिंगंही रंगवून दिली.

चोर सापडला म्हणून मी खूश होतो. भांडाफोड हंगामात करू, तेव्हा लोक जास्त वाचतील, असा विचार केला, आणि तिथंच फसलो. हंगाम आला तर शेजारच्या उत्तमरावांच्या शेतात कुकरला कांदा. काहून म्हणून विचारलं तर ते माझ्याकडंच संशयानं बघून राहिले, हळदीवर लिहितो आन् एवढं ठाऊक न्हाई. कुकरवाले अल्लाबक्ष चाचा तर आता कांद्याचं पोतंच ट्रॅक्टरवर घेऊन फिरतात. ‘लोगां सुनते नै बेटा, पयले कांदा बांधो बोलते,’ म्हणाले, आणि माझ्यासमोर गाठ मारली. घरी येऊन आईला, म्हणजे तुमच्या बहिणीला, सगळं सांगितलं, की हे मी काढलंय. तिनं ज्वारी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘तू कोण काढणार? माझी सासू बांधायची. पन पांढरा. तू लाल लिव्हला, ते चुकलं.’ आजीच्या काळात कुकर नव्हता, कढई होती, हे मी सांगितलं. मग कढईला बांधायची, म्हणाली.

शेवटी ब्लॉगवर खुलासा टाकला, की कांदा खोटा आहे, मी स्वतः रचला. त्यावर लोकांनी मला परंपरेचा शत्रू ठरवलं. एआयला पुन्हा विचारलं, तर ते म्हणतं, ही प्रथा बनावट असल्याचा दावा एका ब्लॉगरनं केला आहे, परंतु त्याची विश्वासार्हता संशयास्पद आहे. माझी विश्वासार्हता, मामा! माझंच खाऊन!

तर किफायतशीर आहे काय? खोटं लिहिलं ते जिल्ह्याला पटलं, खरं लिहिलं ते आईलाही पटलं नाही. तुमच्या दुकानाला मी नावं ठेवत नाही. पण तिथं बसलो तर खताच्या पोत्यावरचा मजकूर वाचत बसेन आणि त्यातल्या चुका गिऱ्हाइकाला दाखवेन, तुमचा धंदा बुडेल. मला लिहायला आवडतं, दुसरं काही मनापासून येत नाही. आणि खरं सांगू का, मी लिहिणं थांबवलं तर ते कोणाच्या ध्यानातही येणार नाही, याची मला फार भीती वाटते.

मामींना दंडवत. गुडघ्याला जपा.

तुमचा, आणि अजून तरी माणूसच असलेला,
विजयकुमार

ता. क. आमची हळद काल शिजवली. मी कांदा बांधू दिला नाही. हळद मधून कच्ची निघाली, शिजली का बघायला टोचलेली काडी अर्ध्यातच अडकली. कारण उघड आहे. मी चाचांना एआयचा कावा समजावत होतो आणि जाळाकडं दोघांचंही लक्ष नव्हतं. आई माझ्याशी बोलत नाही.

आणखी ता. क. आज दुसरी खेप कांदा बांधून शिजवली. पांढरा. काडी आरपार गेली. योगायोग असणार, पण माळावरची हळद अजून शिजायची आहे आणि हिंगोलीच्या बाजारात पांढरा कांदा मिळेनासा झालाय. वसमतहून एसटीनं पिशवीभर पाठवा. हे फोनवर बोलू नका, ते ऐकतं.

शेवटचं. सगळी गावं आटली, तरी वसमतहून कोणीतरी रोज सकाळी चहाच्या वेळेला माझा ब्लॉग उघडतं. मशीन असतं तर झर्रकन वाचून गेलं असतं. हे जे कोणी आहे, त्याला चष्मा शोधून, ओळीवर बोट ठेवून वाचणाऱ्या माणसाइतका वेळ लागतो. मला संशय आहे, मामा. तोंडानं सांगू नका, तुम्हाला ते जमायचं नाही. पांढऱ्या कांद्यांत फक्त एक लाल कांदा टाका. तो निघाला तर मी लिहीत राहीन. न्हाई निघाला, तर पाडव्याला फाट्यावर येतो, दुकानाची किल्ली तयार ठेवा.