वारशानं आलेली काठी

आप्पा,

आज मी एका लॉर्डाच्या कोटाला माइक लावला. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, "जेवायला दिलं का त्यांनी?" दिलं, आप्पा. सीफमधल्या हॉटेलात, पोटभर. इथं बहरीनमध्ये सभांच्या साउंडचं काम करतो मी. आजचा पाहुणा विलायतेच्या वरच्या सभागृहातला. तिथं निवडून यावं लागत नाही. काहींना नेमतात, आणि काही नुसते बापाच्या पोटी जन्मले म्हणून बसायचे. हा त्यातला. त्यातही कुठल्याच पक्षाचा नाही. असली माणसं ना सरकारच्या बाजूला बसत, ना विरोधकांच्या. मधे आडवी बाकं असतात त्यांची, आणि ज्याचं पटेल त्याला मत देतात. इथल्याही वरच्या सभागृहात नेमलेलेच सभासद, त्यातले काही पहिल्या रांगेत होते. आमचा केरळचा लाइटवाला कानाशी लागला, "अच्छा है भाई, बाप का सीट, बेटे का सीट." मी हसलो.

मग तो म्हातारा सहज बोलून गेला, की वारशाच्या खुर्च्या बंद करायचा कायदा आला तेव्हा त्यानं कायद्याच्या बाजूनं मत दिलं. म्हणजे आपली खुर्ची आपल्याच हातानं घालवली. का, म्हणून एका बाईंनी विचारलं. तो म्हणाला, "काम मी बरं केलं असेल. पण ते मलाच का मिळालं, याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. माझ्या मुलाकडंही नसतं." आवाज कमीजास्त करायचं सोडून मी बघतच राहिलो.

आणि मला तुम्ही दिसलात. चावडीसमोर उभे आहात. येसकराची पाळी आपल्या घरावर आलीय. कायद्यानं वतन केव्हाच गेलं, पण गाव कुठं सोडतंय? घुंगरांची काठी घेऊन गावाचे निरोप पोचवायचे, मेलेलं ढोर ओढायचं आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची. तुमच्या बापानं केलं, आज्यानं केलं. तुम्ही काठी भिंतीला टेकवता आणि पाटलाला म्हणता, "ही पाळी माझ्यापाशी संपली."

"आणि खाणार काय?"

"कमवून खाऊ."

घरी आईनं तुम्हाला फाडून खाल्लं, भीतीपोटी. आपलं पोट त्या भाकरीवर होतं. पुढं तुम्ही सडकेवर खडी फोडलीत, गावानं गिरणीत दळण बंद केलं, तरी त्या चावडीकडं तुम्ही परत गेला नाहीत. लॉर्डाचं मन मोठं, नाही म्हणत नाही. पण त्याची रात्रीची भाकरी काही गेली नाही. आणि तुमच्यापाशी, आप्पा, ना शिक्षण, ना पाठीशी कुणी. कुठून आणलंत एवढं बळ?

सनाबिसला घरी आलो आणि पोरीला सगळं सांगितलं. ती इथंच वाढली, मराठी कळतं तिला, बोलते इंग्रजीत. आजवर हे तिच्या कानावर घातलं नव्हतं. तिला आपली लाज वाटली तर, ही एकच धास्ती. आज येसकर म्हणजे काय, ढोर ओढणं म्हणजे काय, काही झाकलं नाही. ती म्हणाली, "पप्पा, ही वॉज बिगर दॅन युवर लॉर्ड." आणि लगेच विचारलं, "पण ती स्टिक नंतर तुम्हाला मिळाली असती ना? डिड यू वॉन्ट इट?"

मी म्हणालो, छे, मुळीच नाही.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगतो. त्या दिवशी तुम्ही काठी ठेवून निघालात तेव्हा मी हमसून रडलो. आईला वाटलं, पोर भुकेला भ्यालं. मला ती काठी पाहिजे होती, आप्पा. तिचे घुंगरू वाजले की माणसं आपल्याला वाट सोडून लांब उभी राहायची, आणि मला वाटायचं, आपण राजे आहोत.