आचलच्या वाटचा घास

५ जानेवारी, सोमवार
पोहचली बाप्पा एकदाची! मोर्शीहून अमरावती, अमरावतीहून अकोला. दोन एसट्यांत कंबरेचा पार भुगा झाला. पण घर पाहून जीव निवला. मोर्णा नदीच्या पलीकडं, जुन्या शहरातल्या गल्लीत. खाली मालकाचं फुलांचं दुकान, दारातच शेवंतीचे ढीग. मालक खुशालराव, मालकीण माणिकबाई अन् त्यांची एकुलती आचल. तिचं लगन बावीस फेब्रुवारीले, तोवर स्वयंपाकाले मी. वीस वर्षं शाळेत तीनशे पोट्ट्यांची खिचडी शिजवली, इथं तीनच माणसं. आरामच हाय म्हणा ना.

आचलनं आल्या आल्या आशाकाकू म्हटलं अन् माही पिशवी सोता उचलून खोलीत ठेवली. मले पोरबाळ नाही. अशी लेक असती तं, असं वाटलं. शाळेत किती पोट्टे जेवले ते रोज लिहा लागे, तीच सवय म्हणून ही वही. आज जेवणारे तीन.

६ जानेवारी
बेसनाच्या पाटोडीचा रस्सा केला, गरम भाकर, ठेचा, वरतून हिरवागार सांबार चिरून पेरला. मालकानं दोन घास खाऊन ताट सरकवलं. मालकिणीनं एकच. आचलनं नुसता वास घेतला अन् म्हणे काकू, मस्त झालं, पण जातच नाही. मले राग आला. माह्या हातचं अजून कोणी टाकलं नव्हतं.

मग कळलं. तिघंही वजन उतरवाच्या इंजेक्शनवर हायेत. दर ऐतवारी पोटाले टोचायचं. मालकाले डॉक्टरनं देल्लं, साखर लय वाढली होती, ती आता उतरली. मालकिणीचे गुडघे हलके झाले, आता जिना चढते. त्याइचं चांगलंच झालं, मी काहून नाव ठेवू? पण आचलचं पार्लरवाल्या करिश्मानं आणून देल्लं, डॉक्टरले न विचारता. होणारी सासू म्हणे पोरगी जराशी भरलेली हाय, फोटोत दिसन. भरलेली कुठं व माय! चांगली हसरी, धडधाकट पोरगी.

आचल म्हणे, काकू, भूकच गेली, किती मोकळं वाटते. मी विचारलं, गेली तं गेली कुठं? सगळे खूप हसले. मीही हसली.

११ जानेवारी, ऐतवार
आमच्या इकडं घरचा माणूस जेवाले नसला, वावरात असो की परगावी, तं त्याचं नाव घेऊन त्याच्या वाटचा एक घास आपण खातो. तिकडं त्याचं पोट भरते. माही माय रोज माह्या बापाच्या नावानं खाये. या घरात माणसं ताटासमोर बसून जेवाले नाहीत. भरल्या ताटाइकडं पाहून जीव तुटला. मागच्या ओट्यावर बसून तीन घास खाल्ले. खुशालराव. माणिकबाई. आचल. आता रोज खात जाईन, मले काय जड हाय?

१८ जानेवारी
व्याही आले. सकाळपासून पुरण वाटून हात गळाले. व्याही-विहीणही इंजेक्शनवर निघाले! कोणी कोणाले आग्रह केला नाही. सारे एकमेकाचं वजन विचारत बसले. आमच्याकडं पाहुण्याच्या ताटात चोरून पोळी टाकत, तो हात धरून हासे. ते सारं आठवून मले रडू आलं. पोळ्या तशाच राहिल्या.

मग माह्याच पोटात खड्डा पडल्यावानी झालं. किती खाल्ल्या, मोजल्या नाही.

२६ जानेवारी
काल आठ भाकरी खाल्ल्या अन् उठली तं भूक तशीच. जिलेबी मले आवडत नाही, तरी कोपऱ्यावरून अर्धा किलो आणून उभ्यानं खाल्ली, बोटाचा पाकही चाटला. मालक लांबून पाहून राहिले होते. म्हणे, बाई, जिलेबीचा हा असा पाक चाटणं माही सवय होती, आता आठवतही नाही.

आज तुळशीवृंदावनाले लावाचा गेरू हाती लागला. तो कराकरा खाल्ला. माणिकबाईनं पाह्यलं अन् त्या पांढऱ्या पडल्या. आचलच्या वेळी दिवस असताना मी चोरून गेरू खाये, म्हणे, कोणालेच सांगतलं नव्हतं.

तिघाइची भूक कुठं गेली ते मले कळलं. नाव घेऊन मीच बोलावून घेतली.

२ फेब्रुवारी
आचल न्हाणीत पडली. डॉक्टर लय रागावले. म्हणे या पोरीले याची गरजच नव्हती, कोणी सांगतलं टोचाले? सलाईन लावली, इंजेक्शन बंद केलं. दवाई उतरली की भूक आपोआप येईन, धीर धरा. डॉक्टर बिचारे बरोबरच बोलले. पण त्याइले काय माहीत.

मी नावाचे घास घेणं बंद केलं.

९ फेब्रुवारी
थकली बाप्पा. दिवसभर खाते, तरी थकली. कणिक कच्चीच खाल्ली. दुकानातली शेवंती खाल्ली. नाव घेत नाही, तरी तोंड आपोआप घेते. घास गिळला की आचल.

ती उठत नाही. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. दवाई आतापर्यंत उतरली असन. भूक परत येत नाही. कशी येईन, ती माह्यापाशी हाय ना.

१२ फेब्रुवारी
नोकरी सोडली. एसटी स्टँडवर गेली, अमरावतीची गाडी लागली होती. एक वाजला, जेवणाची वेळ. पाय मागं वळले. ऑटोतून उतरली तं याच दारात होती.

१४ फेब्रुवारी
तिची भूक तिले परत द्याचं ठरवलं. पोरीच्या उशाशी बसून दूधभाताचा घास केला. म्हटलं माय, माह्या नावानं खाय, आशाबाई म्हण अन् गिळ. तिनं म्हटलं. गिळता आलं नाही. भात ओठावरून खाली आला. मलेच पाहून तिले कीव आली. म्हणे काकू, तुमालेच लय भूक लागली दिसते. माह्या वाटचं तुमीच खा.

माह्या तोंडाले पाणी सुटलं. वाटी लांब होती. भाताचं नव्हतं ते पाणी.

तिच्या केसाले शेवंतीचा वास येते.

१६ फेब्रुवारी
तिच्या वाटचं अन्न सारं खाऊन झालं. आता वाटचं काय उरलं? ती —
नाही. लिहिणार नाही.
माणिकबाईले म्हटलं पोरीले इथून न्या. त्या म्हणे, बाई, ती तुमच्याशिवाय कोणापाशी राहत नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
मालक-मालकीण उरलेल्या पत्रिका वाटाले भातकुलीले गेले. घरात आमी दोघीच. स्वयंपाकखोलीले आतून कडी लावली. चूल थंड. खाण्याचं काहीच नाही, मीच संपवलं.

साडेबारा —

पावलं आली. भिंत धरत धरत. चालता येत नाही तरी उठली माह्यासाठी. म्हणते काकू, दार उघडा, तुमी जेवल्या नाही. रडते. म्हटलं जाय माय, पाया पडते, जाय —

एक वाजला.

दाराजवळच्या खिडकीच्या गजातून हात आत आला. घास आणला म्हणते. हातात काहीच नाही. नुसता हात. मनगटापाशी शीर उडून राहिली —

नाव घेणार नाही. दात दाबून धरले. घेतलं की —

माहं तोंड — मी नाही घेत — माही लेक — आच