ओटी भरायची राहिली होती

माय, आज सकाळी मी तुझी देवी देवघरातून उचलून बाहेरच्या खोलीत नेली. माझ्या लग्नात तू माझ्या हाती दिलेली, ती पितळेची. तुझी सून कित्येक महिने त्याच खोलीत सतरंजीवर बसून आहे, तुझ्याच नियमाने. तिच्या गर्भाशयात गाठ आहे. रक्त थांबत नाही, जिना चढताना धाप लागते. ऑपरेशनची तारीख दोनदा ठरली, दोनदा तिनेच मोडली. "पाळी थांबू द्या, देवीची ओटी भरतो, मंग चाला कुठं चालायचं तं." गाठ काढल्याशिवाय रक्त थांबणार नाही, आणि रक्त थांबल्याशिवाय तुझी सून गाठ काढू देणार नाही. मनीषनगरहून सीताबर्डीच्या दवाखान्यात जाता-येता मी चिडलेलाच असायचो. कोणावर, तेही कळत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंना विचारलं, ही गाठ आहे तरी कशाची? त्या म्हणाल्या, गर्भाशयाच्याच स्नायूची. शरीरातली संप्रेरकं चांगल्या स्नायूकडे आणि गाठीकडे सारखीच येतात, पण ती पकडणाऱ्या जागा गाठीत जास्त असतात. शिवाय त्यातलं एक ती स्वतःही तयार करते. चांगला स्नायू बाळासाठी वाढतो आणि बाळंतपणानंतर आपल्या मापाला परततो. गाठ तेवढ्याच इशाऱ्यावर वाढत राहते. "पाळी गेल्यावर आकसेलही," त्या म्हणाल्या, "पण तोवर यांच्या अंगात रक्त राहायला हवं ना?"

तेव्हा मला गावची ओसरी आठवली. तू कोपऱ्यात, पोटाशी पाय घेऊन बसली आहेस. मी शाळेतून येऊन बिलगायला धावतो आणि तू हात आडवा करतेस, "शिवू नको गा, तुले देवापाशी जा लागते." तुझ्याही पोटात गोळा होता म्हणतात. कोणी तपासलाच नाही. मला सांभाळून परत जागेवर गेलेल्या त्या स्नायूतच तो वाढत असेल, आणि आम्ही तुला लांबून ताट सरकवत होतो. तू गेलीस, नियम मात्र माझ्या घरी राहायला आला.

देवी समोर ठेवली तशी तुझी सून मागे सरकली. "अहो, काय करून राहिले? विटाळ होईल तिले."

"व्हायचा तो झाला. आता भर ओटी. ऑटो खाली उभा आहे."

तिने तांदूळ घातले, नारळ ठेवला, खूप वेळ डोकं टेकलं. आता तिला ऑपरेशनसाठी आत नेलं आहे, मी दवाखान्यात बाहेर बाकावर आहे. देवी परत ठेवताना मी गोमूत्राची बाटली हातात घेतली होती, माय. झाकणही काढलं होतं. मग तसंच लावलं आणि तुझ्या सुनेचा हात धरून जिना उतरलो.