हात कच्चा नव्हता

प्रिय बारातेरा,

या नावाने आता तुला लाज वाटते, हे मला ठाऊक आहे. पण चार वर्षांची असताना कुठलाही पाना मागितला तरी तू बारा-तेराचाच आणून द्यायचीस आणि वर ‘हाच बसेल’ म्हणून ठणकावायचीस, त्याला माझा इलाज नाही. हा हट्ट तू माझ्याकडून उचललास, असं तुझी आई म्हणते. ते निदान या पत्रापुरतं मान्य करतो.

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोनवर बोलायला गेलो असतो तर दुसऱ्याच वाक्याला मी हवापाण्याकडे वळलो असतो, म्हणून कागद घेतला. बातमी म्हातारीची आहे, आपल्या जुन्या गाडीची. तिचं स्टीअरिंग आता खरोखर बरं झालंय. ‘खरोखर’ मुद्दाम लिहितो, कारण आठ महिन्यांपूर्वी मी ते एकदा खोटंच बरं केलं होतं.

त्या दिवशी तू चालवत होतीस, आई शेजारी होती. पुलाच्या सांध्यावर चाक आपटलं आणि साठच्या वेगात स्टीअरिंग असं काही फडफडायला लागलं की समोरचा आरसासुद्धा निखळून पडला. तू गाडी कडेला घेतलीस, दोघी सुखरूप उतरलात. मी आलो, गाडीखाली वाकलो, सगळे रॉड हाताने हलवून पाहिले. काही सैल लागलं नाही. मग जवळच्याच दुकानातून आलेले पार्टवाले अण्णा आणि त्यांची दोन गिऱ्हाइकं उभी असताना मी म्हणालो, ‘गाडीत काही नाही, हात कच्चा आहे.’ तू किल्ली बॉनेटवर ठेवलीस आणि चालत घरी गेलीस. त्यानंतर तू स्टीअरिंगला हात लावलेला मी पाहिला नाही.

मी चाकं बॅलन्स केली, स्टीअरिंगचा डँपर बदलून चांगला जाडजूड घातला. थरथर थांबली. मी खूश! कुणाकडे न शिकता तीस वर्षं हे काम करतोय, गाडीच्या आवाजावरून दुखणं सांगतो, वगैरे वगैरे. तुला माझं कीर्तन पाठ आहे. पण डँपर म्हणजे नुसता झटके शोषणारा नळा. दुखणं झाकतो, काढत नाही. हे मी गिऱ्हाइकांना शंभरदा सांगितलंय. स्वतःच्या गाडीला मात्र हाच उपाय करून हात झटकले.

गेल्या महिन्यात मी एकटाच त्याच पुलावरून येत होतो. तोच सांधा, तेवढाच वेग. आणि बये, काय सांगू! स्टीअरिंग हातातून निसटायलाच लागलं. दात वाजत होते. डोकं चाललंच नाही, पाय कचकन ब्रेकवर गेला, गाडी एकीकडे ओढली गेली आणि मी सरळ झुडपात. पुढचा मडगार्ड चेपला, मला खरचटलंसुद्धा नाही. पण झुडपातच बसून राहिलो बराच वेळ. कारण याच जागी तू गाडी सुखरूप थांबवली होतीस, आणि ती कशी, ते मी तुला कधी विचारलंच नव्हतं.

घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, ‘सात महिने त्या लोखंडाला विचारताय, मी शेजारी बसले होते, मला एकदा विचारायचं होतंत.’ मग तिने सांगितलं. तू ब्रेकवर धाडकन पाय दिला नाहीस. ॲक्सिलरेटर सोडलास, चाक घट्ट पण न झगडता धरलंस, वेग आपसूक उतरू दिलास, मागचा ट्रक पुढे जाऊ दिलास आणि मगच हळूच ब्रेक लावून कडेला घेतलीस. वर आईला म्हणालीस, ‘डोळे मिट हवं तर, मी आहे.’ हे बारीकसारीक ती तुझ्या आवाजात सांगत होती आणि मी मडगार्डकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सुरुवातीपासून सुरुवात केली. इतके दिवस मी गाडी जॅकवर चढवून, चाकं लोंबकळत ठेवून तपासत होतो. लोंबकळत्या चाकांवर वजन नसतं, मग सैलपणा दिसणार कसा? गाडी जमिनीवर हवी, इंजिन चालू हवं, एकाने स्टीअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने खाली पडून प्रत्येक जोडावर बोट ठेवायचं. म्हणजे माणसं दोन हवीत. आणि मला तर एकट्याने काम करायची घमेंड. शेवटी आईला सीटवर बसवलं. ‘इतकंच हलवायचं ना? मग तीस वर्षं एवढा भाव कशाचा खात होतात?’ असं म्हणत तिने हलवायला सुरुवात केली आणि तिसऱ्या जोडावर माझ्या बोटाला ‘टक’ लागलं.

चॅसीपासून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापासून, पुढच्या ॲक्सलपर्यंत जो आडवा रॉड जातो, ॲक्सलला डावीउजवीकडे सरकू देत नाही, त्याचा ब्रॅकेट. गाडी उंच केली तेव्हा तो मीच बनवला होता. त्या दिवशी डब्यात हवा तसा बोल्ट नव्हता. ब्रॅकेटमधून जाणारा भाग गुळगुळीत लागतो, मी टोकापासून डोक्यापर्यंत आटे असलेला ठोकला. म्हटलं, चार दिवसांनी बदलू. ते चार दिवस दोन वर्षं चालले. आट्यांनी कानशीसारखं काम केलं, गोल भोक लांबट झालं, ॲक्सल मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकायला लागला. बाकी सगळा तमाशा तेवढ्यातून. नवा ब्रॅकेट केला, बरोब्बर मापाचा बोल्ट घातला, गाडी जमिनीवर ठेवून आवळला. डँपर काढून टाकला आणि त्याच्याशिवाय त्या सांध्यावरून साठने, सत्तरने, पाच वेळा गेलो. स्टीअरिंग दोन बोटांत राहिलं. त्यानंतरच डँपर परत बसवला.

अण्णांच्या दुकानात जाऊन सांगून आलो की हात माझा कच्चा होता, पोरीचा नव्हता. ती दोन गिऱ्हाइकंही भेटली, त्यांनाही सांगितलं. एकजण म्हणाला, ‘उस्ताद, तब्येत बरी आहे ना?’

आता खरं काय ते. काल आईकडून कळलं की पाणी तपासणीच्या खात्यात तुझी निवड झाली आहे, डोंगराळ भाग आहे, खात्याची गाडी स्वतः चालवावी लागेल, आणि म्हणून तू नकार लिहून ठेवला आहेस. शुक्रवारी पाठवणार आहेस. हे पत्र त्याआधी पोचावं म्हणून मीच टपालात जाऊन टाकतोय. नोकरी आवडली नसेल, जागा लांब वाटत असेल, दुसरं काही मनात असेल, तर खुशाल नाही म्हण. मी एका शब्दाने विचारणार नाही. फक्त ‘मला गाडी नीट चालवता येत नाही’ हे कारण लिहू नकोस, बेटा. ते खोटं आहे आणि ते मी तुझ्या तोंडी घातलंय.

तुझाच,
बाबा